डाव्या खणातला मासा

६ जानेवारी

वहिनी,

पार्सल उघडल्या उघडल्या ओरडू नकोस. "एवढासा डबा? यात तुझा दादा जेवणार की त्याचं बाहुलं?" असं तू म्हणणार हे मला इथे बसून ऐकू येतंय. हा जपानी पद्धतीचा डबा आहे, बेन्तो म्हणतात त्याला. आमच्या कॅन्टीनमध्ये वरच्या मजल्यावरच्या जपानी साहेबलोकांसाठी मी रोज असेच डबे भरते, आणि चांगली धिप्पाड माणसं ते खाऊन तृप्त होतात. डबा लहान दिसतो कारण आपण डब्यात निम्मी हवा भरतो, आणि हे लोक फक्त जेवण भरतात.

तू लिहिलं होतंस की दादाचा उभा डबा क्रेनच्या केबिनमध्ये कलंडतो, भाजी कपड्यांवर सांडते, मग तो अर्धपोटी राहतो आणि घरी येऊन तुझ्यावर खेकसतो. सकाळी शिडीने वर चढला की काम सुटेपर्यंत खाली येत नाही, मांडीवर डबा ठेवून एका हाताने खातो. अशा माणसाला तीन मजली डबा कसा चालेल? हा आडवा आहे. झाकण पाठीमागे बिजागरीने जोडलेलं, म्हणजे ते वरून कुणाच्या टाळक्यात पडायचं नाही आणि डबा कायम एकाच बाजूने उघडेल. आत दोन खण, उजवीकडे मोठा, डावीकडे लहान.

आता नीट वाच. भात पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर आत घाम सुटतो आणि दुपारपर्यंत सगळं आंबतं. तुझी सकाळची घाई मला माहीत आहे, तरी पंखा लाव आणि थांब. पातळ काही नको. प्रत्येक गोष्ट शेजारच्या गोष्टीला घट्ट टेकवून भरायची. डबा कानाशी धरून हलवलास तर आतून आवाज येता कामा नये. आणि रंग पाहिजेत गं! नुसतं पांढरं आणि पिवळं बघून कुणाची भूक चाळवेल? एखादं गाजर, हिरवा घेवडा, वर थोडे काळे तीळ. डबा उघडल्यावर माणसाला वाटलं पाहिजे की सकाळी आपल्यासाठी कुणीतरी उभं राहिलं होतं.

नणंद आहे, चार गोष्टी शिकवण्याचा मला हक्क आहे. कसं झालं ते कळव.

तुझी चिमणी


२४ जानेवारी

चिमे,

तुझा डबा जिंकला. पहिल्या दिवशी ह्यांनी नाक मुरडलं, "हा खेळण्यातला डबा मी वर नेणार नाही" म्हणाले. मी काही न बोलता पिशवीत टाकला. संध्याकाळी डबा असा चाटूनपुसून परत आला की धुवायलासुद्धा लाज वाटली.

माझा धाकटा भाऊ ह्यांच्याच क्रेनखाली सिग्नल द्यायला उभा असतो हे तुला ठाऊक आहेच. तो सांगत होता की भाऊजी जेवताना वॉकीटॉकीवर सगळ्या साइटला डब्यातला एकेक पदार्थ ऐकवतात. "आज अंड्याची गुंडाळी आहे, खालच्यांनी जळावं." खाली सळया बांधणारे लोक वर बघून शिव्या देतात म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक ह्यांनी माझ्या तोंडावर कधी केलं नाही. जगाला सांगतात, मला नाही.

गेल्या आठवड्यात एकदा घाईत भात कोमट असतानाच झाकण लावलं. मग शिलाईच्या दुकानात कामावर दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काही झालं नाही, पण आता पंखा लावते.

वहिनी


१९ फेब्रुवारी

चिमे,

उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. लिफाफ्यावर दुकानाचा शिक्का आहे, पत्ता आणि फोन दोन्ही त्यात आहेत. मालकीणबाई चांगल्या आहेत, माझं पत्र शिलाई मशीनच्या खणात ठेवतात. घरी फोनवर बोलावं तर हे शेजारी बसलेले, आणि मोबाइल घरात एकच, तोही ह्यांच्या खिशात.

डबा आता सगळा संपत नाही. भाताचा खण रिकामा असतो, पण बाजूच्या लहान खणाला हातही लावलेला नसतो. आधी वाटलं घेवडा आवडला नसेल. गाजर घातलं, तेही परत. मग बटाट्याच्या काचऱ्या, ज्या हे लहानपणी चोरून खायचे असं तूच सांगायचीस. तशाच्या तशा परत. विचारलं तर म्हणतात, "होतं तेवढं खाल्लं." तोंडावर खोटं! मी उघडा डबा समोर धरला तर त्याकडे धड बघितलंही नाही, म्हणाले, "डोकं दुखतंय, नाटकं नकोत."

स्वभाव फार बदललाय. मी बोलत असते आणि हे दुसरीकडेच बघत असतात. परवा जेवताना मी शेजारी बसून तीनदा काही विचारलं, उत्तर नाही. उठून दुसऱ्या बाजूला गेले तर दचकले, जणू मी आत्ताच खोलीत आले. इतकी का मी नकोशी झाले?

तू बहीण आहेस, तुला काही बोललेत का? खरं सांग. तिथे साइटवर चहावाली एक बाई आहे, हसून हसून बोलते सगळ्यांशी. माझ्या मनात काय काय येतं ते लिहवत नाही.

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

दादा आणि चहावाली? अगं, लग्नाआधी तुझ्याशी पहिल्यांदा बोलायचं होतं तेव्हा त्याला घाम फुटला होता आणि मला पुढे पाठवलं होतं. तो माणूस कुणाशी गुलूगुलू बोलणार? डोक्यातून काढून टाक.

पण डब्याचं मात्र मला खटकलं. आमच्याकडे डबे परत येतात तेव्हा मी आधी ते बघते आणि मगच धुवायला टाकते. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचं घरी भांडण झालंय, सगळं तिथे कळतं. एकच पदार्थ रोज उरला तर तो आवडत नाही. दादाच्या डब्यात मात्र पदार्थ बदलले तरी उरतात, म्हणजे हा नुसता हट्ट. लहानपणी आई बोलली की तो असाच ताटात अर्धं टाकून उठायचा. तुझ्यावर कशावरून तरी रुसलाय.

रुसलेल्यांसाठी आमच्याकडे युक्त्या आहेत. गाजर जाड काप आणि कडेने खाचा देऊन फुलं कर. भाताचे मुठीएवढे गोळे कर, वर तीळ लाव. अंड्याची गुंडाळी आडवी काप म्हणजे आतले पदर दिसतात. आणि सरळ खणांची अदलाबदल कर. भाताशिवाय त्याचं चालत नाही ना? मग भात डावीकडच्या लहान खणात दाबून भर आणि भाज्या उजवीकडे मोठ्या खणात पसर. भाताच्या ओढीने तरी सगळा डबा संपवेल.

आणि त्याला थोडं प्रेमाने विचार. तू विचारतेस ते पोलीस विचारतात तसं.

चिमणी


८ मार्च

चिमे,

तुझी युक्ती माझ्यावर उलटली. मंगळवारी तू सांगितलंस तसा भात डावीकडे भरला. संध्याकाळी हे घरात आले ते भांडतच. "दिवसभर राबायचं आणि डब्यात भात नाही? नुसत्या भाज्या? मी काय बकरी आहे?" मी म्हटलं, भात होता. "नव्हता!" मी पिशवीतून डबा काढून उघडला. भाताचे गोळे जसेच्या तसे, तीळसुद्धा हलले नव्हते. समोर उभी राहून तसाच ह्यांच्या नाकासमोर धरला. त्यात बघून म्हणाले, "आत्ता भरलास हा." शपथ घेऊन सांगते, असं म्हणाले.

मला आता राग येत नाही, भीती वाटते. चिमे, मला वाटतं हे पितात.

तुझ्यापासून आजवर लपवलं. दारातून आत येताना खांदा चौकटीवर आपटतो, नेहमीचं दार, तरी. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी लोंबणारी. दाढी एका गालाची चकाचक आणि दुसऱ्यावर खुंट तसेच. चप्पल एकाच पायात घालून बाहेर निघाले होते. सकाळी उठल्यापासून डोकं दुखतं. वास येत नाही हे खरं, पण हल्ली वास न येणारी मिळत असेल. पिऊन वर चढणारा माणूस म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

आणि हे ऐक. काल सळयांचा जुडगा धाकट्याच्या डोक्यावरून हातभर अंतरावरून गेला. तो ओरडत होता वॉकीटॉकीवर, थांबा थांबा, आणि हे म्हणत होते, "तिकडे कुणी नाही, मला दिसतंय." धाकट्याने हसत सांगितलं, भाऊजींना चष्मा घ्या म्हणावं. मला हसू आलं नाही. माझ्या हातून सुईच पडली.

तुझा भाऊ वर आहे आणि माझा भाऊ खाली. तू मला काहीही म्हण. सोमवारी मी साइटवरच्या मोठ्या साहेबांना जाऊन सांगणार आहे की माझा नवरा पितो, त्याला क्रेनवर चढवू नका. ह्यांचं लायसन्स जाईल, पुन्हा कुठे काम मिळायचं नाही, आणि हे जन्मभर माझं तोंड बघणार नाहीत. तरी सांगणार.

वहिनी


सोमवार, १२ मार्च

वहिनी,

पत्र आत्ता मिळालं, कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या लिहितेय. माझ्या दादावर असला आळ घ्यायला तुझी जीभ कशी रेटली? आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही कधी. ज्या माणसाने तुझ्या भावाला साइटवर चिकटवलं, त्याच्या पोटावर पाय द्यायला तू निघालीस. बाही लोंबते म्हणे! नवऱ्याची बाही तू दुमडून दिलीस तर हात झिजतील का तुझे? कुठली बाही, कुठला गाल, एवढं बारीक बघतेस तर

थांब.

कुठला गाल?

वहिनी, भात डावीकडे ठेवला तेव्हा भात राहिला. भाजी डावीकडे होती तेव्हा भाजी राहायची. डबा एकाच बाजूने उघडतो. मीच तसा निवडून पाठवला.

मागे आमच्याकडे एक वयस्कर साहेब आजारपणातून उठून आले होते. त्यांचा डबा निम्मा परत यायचा. त्यांच्या मदतनीस बाईने मला सांगितलं होतं, काकांना डावीकडचं जगच कळत नाही, डोळे ठीक आहेत पण डोक्यातून ती बाजू गेली आहे. जेवता जेवता मधेच डबा फिरवून द्यायचा, मग उरलेलं खातात. इतके दिवस हे मला कसं आठवलं नाही? मी तुला गाजराची फुलं करायला सांगत बसले.

तुझा धाकटा त्याच्या कुठल्या हाताला उभा असतो?

हे पत्र टाकते, पण ते पोचायची वाट बघणार नाही. लिफाफ्यावरच्या नंबरवर आत्ताच फोन लावते. तू उचल. देवा, तू दुकानात अस.


बुधवार, १४ मार्च

चिमे,

फोन मालकीणबाईंनी उचलला. मी चपला घालून साइटवर साहेबांकडेच निघाले होते, दारातून परत बोलावलं त्यांनी. तू काय बोललीस त्यातलं अर्धं तुझ्या रडण्यात मला कळलं नाही, पण "डावी बाजू" एवढं कळलं. सकाळीच मी डबा भरला होता. नवऱ्याची तक्रार करायला निघालेली बायको, म्हणून मनाला लागलं होतं, आणि ह्यांच्या आवडीचा तळलेला मासा भरला होता. लहान खणात. डावीकडे.

धावत साइटवर गेले. वर बघितलं तर क्रेनचा हात फिरत होता आणि साखळीला लोखंडी तुळई लटकत होती. खाली धाकटा उभा. त्याचा दंड धरून मी त्याला पलीकडे ओढला, काय ते सांगितलं. तो म्हणाला, वॉकीटॉकीवर हे बोलायचं नाही ताई, सगळे ऐकतात, भाऊजी वरच्या वर घाबरले तर तुळई हातात आहे. त्याने आधी सगळ्यांना ह्यांच्या उजव्या अंगाला पिटाळलं आणि शांत आवाजात तुळई खाली घ्यायला लावली. एक तुळई खाली यायला किती वेळ लागतो गं! मी ओठ चावून उभी होते.

तुळई टेकली. आता ह्यांना खाली कसं आणायचं? काम सुटायला वेळ होता आणि बोलावलं म्हणून येणारा हा माणूस नव्हे. मी धाकट्याच्या हातातून वॉकीटॉकी घेतला.

"अहो, जेवलात का?"

वरून आवाज आला, "तू इथे काय करतेस? जेवलो."

"मासा कसा होता?"

"कुठला मासा? भात होता आणि अंडं होतं. मासा द्यायची दानत आहे का तुझी?"

आजूबाजूला सगळे हसले. तेव्हा कुठे माझी खात्री पटली, चिमे. पण आवाज भांडखोरच ठेवला. म्हटलं, "मासा डब्यात आहे. डबा घेऊन खाली या आणि दाखवा. नसला तर इथे सगळ्यांसमोर कान धरून उठाबशा काढीन."

सळया बांधणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. आणि तुझा भाऊ, जो माझ्या विनंतीने कधी पाणीसुद्धा पीत नाही, तो पैज म्हटल्यावर लगेच केबिनमधून बाहेर आला. गळ्यात पिशवी अडकवून शिडीवर उलटा वळला आणि पहिल्याच पायरीला डावा पाय हवेत राहिला.

मी डोळे मिटले. धाकटा केव्हाच वर चढायला लागला होता. तो ह्यांच्या खालोखाल उतरत राहिला, प्रत्येक पायरीला ह्यांचा डावा पाय हाताने धरून टेकवत. हे वरून त्याच्यावर ओरडत होते, "मी काय लहान पोर आहे का?" तो म्हणत होता, "हो भाऊजी, चला भाऊजी." ज्या माणसाच्या डोक्यावरून सळया गेल्या तोच ह्यांचा पाय सांभाळत होता.

खाली आल्यावर हे विटांच्या ढिगावर बसले आणि सगळ्यांना दिसेल असा डबा मांडीवर उघडला. "बघा. आहे मासा?" उजवा खण रिकामा होता. डाव्या खणात मासा, अख्खा. शिट्ट्या मारणारे वाकून डब्यात बघू लागले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "काढ उठाबशा."

वाकले आणि मांडीवरचा डबा फिरवून ठेवला.

ह्यांनी मासा बघितला. "हा कुठून आला?" मग स्वतःच डबा परत होता तसा केला. मासा गेला. पुन्हा फिरवला. मासा आला. कितीतरी वेळ तेवढंच करत होते. मला वाटलं आता मला शिव्या देतील, पण त्यांनी धाकट्याकडे मान वळवली आणि विचारलं, "तू रोज कुठे उभा असतोस?"

धाकटा म्हणाला, "तुमच्या डाव्या हाताला, भाऊजी."

चिमे, तुझा दादा लहान मुलासारखा रडला. इतक्या माणसांसमोर. मग उठून स्वतः साहेबांकडे गेला आणि म्हणाला, मला एका बाजूचं दिसत नाहीये, वर दुसरा माणूस पाठवा. मला काहीच सांगावं लागलं नाही.

काल रुग्णालयात डोक्याचे फोटो काढले. डोक्यात उजव्या बाजूला गाठ आहे. डॉक्टर म्हणतात काढता येईल, पण उशीर करू नका. शुक्रवारी ऑपरेशन. मी ह्यांना सांगितलं की मी दारूचा संशय घेतला होता. ते म्हणाले, "मीही घेतला होता. वाटायचं, तू डब्यात कमी देतेस आणि वाचलेलं धाकट्याला पाठवतेस." रुग्णालयातल्या बाकावर बसून दोघं हसलो, आणि मग मला हुंदका आवरेना.

मला फार भीती वाटतेय. तू ये.

वहिनी


३ जून

चिमणे,

पत्र वाकडंतिकडं आलं तर हसायचं नाही. तुझ्या वहिनीने कागदाच्या डाव्या कडेला दुकानातला लाल दोरा चिकटवून दिलाय. एक ओळ संपली की दोरा दिसेपर्यंत मान मागे आणायची आणि मग पुढची ओळ. एका पत्राला अख्खी सकाळ जाते. तू महिनाभर राहून गेलीस, आता घरात मला ओरडायला एकच बाई उरली आहे, त्यामुळे वेळ आहे.

गाठ साधी निघाली हे तुला फोनवर कळलंच. डावीकडचं थोडं थोडं परत येतंय. पण क्रेनवर पुन्हा जायचं नाही, असं डॉक्टरने सांगितलं. वाईट वाटलं. वरून सगळी माणसं दिसायची, असं मी समजत होतो. आता खाली हत्यारांच्या खोलीत बसतो, कुणी काय नेलं ते बघतो. नवीन क्रेनवाला पोरगा बरा आहे. तरी धाकटा सिग्नलला उभा राहिला की मी दारात येऊन उभा राहतो, उगीचच.

डबा तोच आहे. त्याच्याही डाव्या कडेला वहिनीने लाल दोरा बांधलाय. मासा अजूनही मुद्दाम त्याच खणात ठेवते, दुष्ट आहे. जेवता जेवता मध्येच डबा फिरवायचा अशी तुम्हा दोघींची शिस्त आहे, आणि मी ती पाळतो. नाही पाळली तर धाकटा चुगली करतो.

काल जेवलो आणि सवयीने डबा फिरवला. पलीकडे काही नव्हतं. मला वाटलं वहिनी विसरली. मग काटे दिसले. मासा मी आधीच खाल्ला होता.

दादा